बाकाच्या फटीतल्या गुलाबी गोळ्या

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची आमची द्विशिक्षकी शाळा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की वर्गात आजीआजोबांकडे ठेवलेली पोरंच जास्त.

त्या वर्षी शिक्षण परिषदेत एका प्रशिक्षकांनी व्यायाम शिकवला. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला, डावं उजव्या गुडघ्याला. यानं म्हणे मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि वाचन सुधारतं. ते जोडलेलेच असतात, हे बोलायची तिथं सोय नव्हती. पण थोडं हललं की पोरं तरतरीत होतात, एवढं वीस वर्षांत मी पाहिलंय. म्हणून परिपाठात घ्यायला लागलो.

तिसरीतला एक पोरगा आठ आकडे झाले की खाली बसायचा. चौथीची पोरं हसायची. एकदा मीही हसलो. अकराच्या सुमारास त्याचं डोकं बाकावर. फळ्यावरचं उतरवताना दुसऱ्या ओळीतच पेन्सिल थांबायची. 'लक्ष नाही' असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो.

तपासणी येणार म्हणून एका सोमवारी बाकं हलवली. त्याच्या बाकाच्या फटीत गुलाबी गोळ्या. रक्तवाढीसाठी शाळेत देतो त्या, लोहाच्या. मोजल्या तर चौदा. काहींचा रंग चाटून गेलेला, आतला तपकिरी दिसत होता. म्हणजे जिभेखाली धरून, माझी पाठ वळली की बाहेर.

"गुरुजी, खाल्ली की मळमळतंय."

"सकाळी काय खाल्लंस?"

"चा न् बटर."

खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक.

गोळी जेवणानंतर द्यायची, अशी सूचना आहे. मी परिपाठालाच उरकायचो, कारण जेवणानंतर हात धुण्याच्या गोंधळात निम्मी पोरं सापडत नाहीत. रजिस्टरात त्याच्या नावापुढं चौदा खुणा, सगळ्या माझ्या हातच्या. धान्याचं रजिस्टर, चवीचं रजिस्टर, रोजची ऑनलाइन संख्या... खुणा करायचा हात आमचा पक्का झालाय. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. हिशोब चोख. फक्त ते ताट दीडला येतं, आणि हे पोरगं आदल्या रात्रीपासून चहावर.

ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन 8.4 निघालं, त्याच्या वयाला निदान 11.5 हवं. जंताची गोळी, लोहाचं औषध, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. आजी म्हणाली, "चा नाय दिला तर साळंला जाईना की ते."

तोडगा काढला स्वयंपाकाच्या मावशींनी. दहाला चूल पेटवतानाच त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. स्वतःच्या घरचा. मी गोळ्या खिचडीनंतर द्यायला लागलो, वर लिंबाची फोड, आणि गिळल्यावर "आ कर."

मार्चमध्ये हिमोग्लोबिन 11.1. कोपर-गुडघा वीसपर्यंत, न बसता. धडा अख्खा वाचला, 'क्ष'ला अडला तेवढाच. केंद्रप्रमुखांनी त्याच्या व्यायामाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला: 'व्यायामातून वाचन समृद्धी'. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक माझाही.

मावशींना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, "त्यात माझी चूल दिसंना."

त्या चौदा खुणा रजिस्टरात अजून तशाच आहेत. खोडल्या तर खुलासा मागतील.