पेंटच्या बादलीतले बेडूक

आर्द्रातला पहिला दमदार पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी यवतमाळ जिल्ह्यात पशुवैद्यक आहे, दारव्हा तालुक्यातली बरीच गावं माझ्या फिरतीत येतात. पेरणीच्या दिवसांत फोन येतात ते बैलाचा खांदा सुजल्याचे, नाहीतर कोवळा चारा खाऊन गाय फुगल्याचे. त्या सकाळी फोन आला, "मॅडम, कुत्रं पिसाळलं जी. पोट्टे काठ्या घेऊन उभे आहेत. या लवकर."

पोचले तर कुत्रा गोठ्याच्या खुंटाला बांधलेला. नाव भुऱ्या, वय तीन वर्षं. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, मान सारखी झटकत होता, पुढच्या पायानं तोंड खाजवत होता. आजी त्याच्यापुढं हात पसरून उभी. "सकाळी तं चांगला होता व माय. भाकर खाल्ली, पाणी पेला. घंटाभरात काय झालं त्याले?"

तो एक तास माझ्या डोक्यात अडकला. रेबीज एका तासात असा धडाक्यात येत नाही. तरी लस टोचलेली नव्हती, म्हणून दुहेरी हातमोजे आणि चष्मा चढवूनच जवळ गेले. आजीच्या आवाजाला भुऱ्यानं शेपूट हलवली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या विटेसारख्या लालभडक. गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली, एक बेडूक चावून टाकलेला पडला होता. डोळ्यांमागच्या दोन फुगीर गाठींपैकी एक फुटलेली, आणि तिच्यावर दुधासारखा पांढरा चीक वाळलेला.

मग वेळ घालवला नाही. डोकं खाली धरून, पाण्याचा पाइप गालाच्या बाजूनं लावला, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडेल. ओल्या फडक्यानं हिरड्या, जीभ, टाळू पुन्हा पुन्हा पुसून काढले, चांगली दहा-पंधरा मिनिटं. या चिकातलं विष थेट हृदयावर काम करतं. स्टेथोस्कोप लावला तर ठोके मधेच गचके खात होते. सलाईन लावून मी तिथंच बसून राहिले. दुपारी दीडच्या सुमारास ठोके एका लयीत आले.

आजीनं आधी पदरानं त्याचा फेस पुसला होता आणि तिच्या बोटाला विळ्याची ताजी जखम होती. कुत्र्यानं बेडूक चावल्याची माझी खात्री होती, पण बिनलसीच्या कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला लागली तर खात्रीवर भागत नाही. तिला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यायला पाठवलं. जाता जाता ती कुरकुरली, मी ऐकलं नाही.

हे सगळं मी चार वाक्यांत उरकलं असतं. पण त्या दिवशी खरं घडलं ते पुढंच.

ग्रामपंचायतीजवळच्या कडुनिंबाखाली पोरं ताडपत्रीभोवती जमली होती. मी ताडपत्री उचलली. खाली मेलेले बेडूक, वर मिठाचा थर. मी मोजले. त्रेचाळीस. शेजारी पेंटच्या बादलीत अकरा जिवंत, एकमेकांवर चढलेले. मिठाचा पुडा अजून अर्धा शिल्लक होता.

"काहून मारले रे?"

"मॅडम, मोबाईलवर आलं न जी. आस्ट्रेलियाचा विषारी बेडूक आहे, कुत्रे मरतात, मगरी मरतात. आता इकडं बी आला."

त्यांनी व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ खरा होता, ऑस्ट्रेलियातल्या केन टोडचाच. खोटं होतं ते फक्त त्याखाली लिहिलेलं, की तो विदर्भात आला. मला राग आला होता, पण ओरडले नाही. पोरं गाव वाचवायलाच निघाली होती. ओट्यावर बसले आणि जे मला ठाऊक होतं ते सांगितलं.

तो बेडूक मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उसाला हुमणी लागली, म्हणून 1935 साली तिथल्या ऊस संशोधकांनी हवाई बेटांवरून शंभरेक केन टोड आणले, त्यांची पैदास केली आणि मळ्यांत सोडले. हुमणी म्हटल्याबरोबर पोरं सावरून बसली. हळदीत, सोयाबीनमध्ये मुळं खाणारी ती पांढरी अळी त्यांच्या घरोघरी ठाऊक. तिथं बेत फसला, कारण अळी जमिनीत आणि तिचा भुंगेरा उसाच्या शेंड्यावर, तिथवर बेडूक चढणार कसा? हुमणी राहिली ती राहिली, वर बेडूक वाढले. एक मादी एका वेळी 8 हजारांपासून 30 हजारांपर्यंत अंडी घालते. आता ते कोट्यवधींच्या घरात आहेत. 2001 मध्ये उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोचले, 2009 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडली. पसरणाऱ्या फळीतल्या बेडकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब झालेत, वर्षाला चाळीस-पन्नास किलोमीटर पुढं सरकतात.

"मंग तिथं इतके प्राणी काहून मेले?" एकानं विचारलं. मला तो प्रश्न फार आवडला. ऑस्ट्रेलियात या कुळातला बेडूक कधी नव्हताच. तिथल्या घोरपडींना, क्वोल नावाच्या मांजराएवढ्या शिकारी प्राण्याला हे विष ओळखीचं नाही, म्हणून पहिल्याच घासात मरतात. तुमच्या बादलीतला हा आपला देशी भेक. आपल्याकडची घोरपड, नाग, दिवड या खडबडीत भेकासोबतच हजारो पिढ्या वाढल्यात. त्यांना तो पचतो. आणि हाच आपला भेक जहाजांच्या मालातून आग्नेय आशियातून मादागास्करला गेला, 2014 साली तिथल्या बंदरापाशी सापडला. तिथं आज तो केन टोडसारखाच परका आणि घातक आहे.

तेवढ्यात मला बादलीच्या तळाशी काही दिसलं. रात्रभरात बेडकांची लेंडी पडली होती, बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गुठळ्या. एक चिमट्यानं कागदावर घेतली, थेंबभर पाणी टाकून फोडली. मुंग्यांची डोकी, काळे चकचकीत पाय, आणि तपकिरी, कडक पंखांचे तुकडे. हुमणीच्या भुंगेऱ्याचे. पहिल्या पावसानंतर हे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. विजेच्या खांबाखाली पडले की बेडूक टिपतात. कृषी सहायक हेच भुंगेरे प्रकाश सापळ्यानं, फांद्या हलवून पकडायला सांगतो. भेक हुमणी संपवतो असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण वाटा उचलतो, तो त्या कागदावर पडला होता. कागद हातोहात फिरला. मिठाचा पुडा कुणीतरी मागं सरकवला.

ऑस्ट्रेलियात लोक काय करतात, हेही त्यांनी विचारलं. रात्री बॅटऱ्या घेऊन वेचतात, त्यांच्याच विषाच्या वासानं टॅडपोल, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, सापळ्यात ओढतात, कोरड्या भागात जनावरांच्या पाणवठ्यांना कुंपण घालतात. आणि क्वोलसाठी बेडकाच्या मांसाची छोटी सॉसेज करतात, मळमळ आणणारं औषध घालून. एकदा पोट बिघडलं की क्वोल पुन्हा त्या वासाकडं फिरकत नाही. तिथंही पोरंटोरं ओळखण्यात चुकतात आणि देशी बेडूक मारतात, हेही सांगितलं.

संध्याकाळी आम्ही अकरा बेडूक नाल्याकाठच्या धुऱ्यावर सोडले. पोरांना आधी हात साबणानं धुवायला लावले. मेलेले त्रेचाळीस तिथंच पुरले, मीठ झटकून. घरी परतताना त्यांचा आकडा डोक्यातून जाईना. सकाळी तासभर आधी पोचले असते तर, हेच फिरत होतं.

दहा दिवस भुऱ्यावर नजर ठेवायची होती. दहाव्या दिवशी गेले. आजीनं चहा ठेवला, बोट बरं झालेलं दाखवलं, सुई किती दुखली तेही सांगितलं. अंगणात बल्बखाली एक भेक बसला होता. भुऱ्या नाक लांब करून जवळ गेला, एकदा हुंगला, फुर्रकन शिंकला आणि मान फिरवून आजीच्या पायाशी येऊन पसरला.