सुरगाठ, निरगाठ

लग्न होऊन गुहागर तालुक्यातल्या या घरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला कपडे वाळत घालायच्या दोन जागा दाखवल्या. एक मागच्या अंगणात: फणसापासून न्हाणीघराच्या खांबापर्यंत ताणलेली निळी नायलॉनची दोरी. दुसरी चुलीच्या वर, वाशांना काथ्याने टांगायचा एक बांबू, धुराने काळाकुट्ट झालेला. ही वलणी. "दोरीला सुरगाठ मारायची आणि वलणीला निरगाठ," त्या म्हणाल्या. मे महिना होता, अंगणात ऊन मावत नव्हतं. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे कपडे वाळतील का, असा प्रश्न कधी कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. पाऊस पडेल का, हा पडायचा. घर माळवदाचं. सपाट छत, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि त्या मातीवर आमचं अर्धं आयुष्य: कुरडया, शेंगा, उन्हाळ्यात अंथरुणं. सासरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं होतं, "छप्पर एवढं उतरतं कशाला? वर काही ठेवता येत नाही." तो हसला. आषाढात कळलं. माझं माळवद इथे आणून ठेवलं असतं तर पंधरा दिवसांत त्याचा चिखल होऊन ते स्वयंपाकघरात उतरलं असतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते लेकाच्या भूगोलामुळे. "हवा आणि हवामान यांतील फरक स्पष्ट करा." त्याचं उत्तर पाठ होतं: एखाद्या ठिकाणची ठरावीक वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा, आणि अनेक वर्षांच्या हवेची सरासरी म्हणजे हवामान. मग म्हणाला, "पण आई, बातम्यांत हवामानाचा अंदाज म्हणतात आणि सांगतात उद्याचं." खरंच की. पुस्तकाच्या हिशेबाने तो हवेचा अंदाज झाला. आपण मराठी माणसं 'हवामान खराब आहे' म्हणतो तेव्हा बिचाऱ्या हवामानाचा काही दोष नसतो. खराब असते ती आजची हवा. उलट एखाद्याला गाव मानवत नाही तेव्हा आपण म्हणतो 'इथलं हवापाणी मानवलं नाही', आणि तिथे मात्र आपल्याला अगदी नेमकं हवामानच म्हणायचं असतं. बोलताना चालतं. परीक्षेत दोन मार्क जातात.

किती वर्षांची सरासरी, तर जागतिक हवामान संघटनेच्या रिवाजाप्रमाणे तीस. सध्या 1991 ते 2020 ही तीस वर्षं धरतात. मला इथे येऊन चौदा झाली. म्हणजे कोकणच्या हवामानावर बोलायचा माझा हक्क अजून सोळा वर्षं लांब आहे. सासूबाईंचा केव्हाच झालाय.

लेकाच्या निमित्ताने मीही थोडं वाचलं. जगाच्या हवामानाचे गट पाडणारा माणूस व्लादिमिर कोपेन. 1846 साली पीटर्सबर्गला जन्मला, लहानपण क्रिमियात गेलं आणि काम जर्मनीत केलं. पीटर्सबर्ग आणि क्रिमिया या दोन टोकांमधल्या प्रवासात खिडकीबाहेरची झाडं कशी बदलतात हे त्याच्या मनात बसलं होतं म्हणे. 1884 साली त्याने तापमानाच्या पट्ट्यांचा नकाशा काढला आणि पुढे म्हातारपणापर्यंत आपली वर्गवारी दुरुस्त करत राहिला. मला आवडलं ते हे, की नुसत्या थर्मामीटरवर न थांबता तो झाडांना विचारायला गेला. कुठे काय उगवतं, त्यावरून रेषा. वर्षातला सगळ्यात उबदार महिनासुद्धा 10 अंशांच्या खाली राहिला तर तिथे झाड उभं राहत नाही, तो शेवटचा ई गट. सगळ्यात थंड महिनाही 18 अंशांच्या वर राहिला तर पहिला, ए. मधले सी आणि डी म्हणजे ढोबळमानाने लंडन आणि मॉस्को, आमचा त्यांच्याशी काही व्यवहार नाही.

बी गट मात्र वेगळा. तो थंडी-उन्हावर ठरत नाही, कोरडेपणावर ठरतो. तिथे माझं माहेर सापडलं: निमशुष्क. आणि सासर ए गटात, त्यातही 'एएम', मोसमी. या 'एम'मध्ये एक गंमत आहे. नोव्हेंबर ते मे इथे जवळजवळ थेंब पडत नाही; मग हा प्रदेश ओला कसा म्हणायचा? कोपेनने त्यासाठी एक हिशेब ठेवलाय: वर्षाच्या एकूण पावसाला 25 ने भागा आणि 100 मधून वजा करा. सगळ्यात कोरड्या महिन्यात निदान तेवढे मिलिमीटर पडायला हवेत. रत्नागिरीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर. लेकाने वजाबाकी केली आणि म्हणाला, "उत्तर उणे येतंय." येणारच. अडीच हजारांपुढे गेलं की पुढच्या कोरड्या महिन्यांना सरसकट माफी, कारण जमिनीत मुरलेलं पाणी झाडांना पुरून उरतं. माणात वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास. एसटीने एका दिवसाचं अंतर, मध्ये फक्त सह्याद्री.

सासूबाईंकडे कोपेन नाही, पंचांग आहे. मृग लागतो 7 किंवा 8 जूनला, दरवर्षी. मुंबईत मोसमी पाऊस पोचायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 11 जून, आमच्याकडे त्याच्या जरा आधी. म्हणजे नक्षत्र हे हवामानच की! तारीख ठरलेली, पिढ्यानपिढ्यांची सरासरी. आणि त्या नक्षत्राचं वाहन, कधी बेडूक, कधी उंदीर, कधी म्हैस, ते दर साली बदलतं: तो हवेचा अंदाज. वाहन बेडूक आलं की सासूबाई खूश होतात, गाढव आलं की पान उलटतात. तारखेवर मात्र पूर्ण विश्वास. मिरगाच्या आधी कौलं शाकारून झाली पाहिजेत, लाकडं पडवीत, वलणी टांगलेली.

हापूसचंही तसंच. पाऊस संपल्यावरचे कोरडे महिने आणि थोडीशी थंडी, म्हणून तो इथे मोहोरतो. पण जानेवारीत आभाळ भरून आलं, चार शिंतोडे पडले की मोहोर काळवंडतो आणि बागायतदाराचं तोंडही. झाड लावताना हवामान बघायचं, पेट्या मोजताना हवा.

2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात पोचला आणि 26 तारखेला मुंबईत. मधल्या मध्ये आम्ही. खरं तर त्याच्या आधीपासूनच कोसळत होता. लाकडं अंगणात, शेणी अंगणात, पत्र्यावर फणसाची साठं, आणि दोरीवर माहेरहून आणलेली आईच्या हातची गोधडी, मी त्याच सकाळी धुतलेली. सर आली तशी धावले. ओली गोधडी उचलता उचलेना, म्हणून दोरीच सोडून सगळं एकदम आत ओढावं म्हटलं, तर गाठ सुटेना. निरगाठ! माणातल्या सवयीने मारलेली. तिकडे दोरी एकदा बांधली की तुटेपर्यंत तशीच. भिजलेलं नायलॉन नखांनी उकलत मी उभी, गोधडी पाणी पिऊन जमिनीला टेकलेली, आणि सासूबाई पडवीतून ओरडतायत, "अगं, कोयती घे, कोयती!"

दोरी कापली. गोधडी नऊ दिवस वलणीवर होती. अजून तिला धुराचा वास येतो.

रात्री मी विचारलं, "आई, हवामान बदललं म्हणायचं का आता?"

"एका पावसाने?" त्या लसूण सोलत होत्या. "अजून दहा-वीस मिरग बघ. मग मलाही सांग."

वलणी टांगायचा दिवस त्यांनी बदललेला नाही. दोरी नवी आणली, या वेळी हिरवी. फणसाकडचं टोक मी बांधलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाहेर गेल्या आणि गाठीचं मोकळं टोक धरून एकदा ओढून पाहिलं. दोरी खाली पडली. मग मला परत बांधावी लागली.