तीन बोटं वर

शाळेत करंगळी वर केली की बाईंना सगळं कळायचं. "जा, लवकर ये." इतकं बिनचूक जेस्चर, म्हणजे बोटांची खूण, मला त्यानंतर कुठल्याही यंत्रात सापडलेलं नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यातही एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपची. नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना २०२१ सालच्या चाळिसाव्या आवृत्तीपासून वेलँडवर (म्हणजे पडद्यावर विंडो दाखवण्याच्या नव्या पद्धतीत) टचपॅडवर तीन बोटं फिरवून कामं करायची सोय आयती मिळते. आमच्याकडे ती हातानं करून घ्यावी लागते. एका रविवारी लिबइनपुट-जेस्चर्स नावाचं साधन घेऊन बसलो. पहिलंच काम म्हणजे वापरकर्त्यांच्या 'इनपुट' नावाच्या गटात स्वतःला घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. आपलीच बोटं, आणि परवानगी कसली? मग कळलं, की त्या गटातल्याला टचपॅडसोबत कीबोर्डही वाचता येतो, म्हणजे टाइप होणारे पासवर्डसुद्धा. दाराला कडी असलेली बरी.

बाकी सगळा कारभार एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. ओळीला एक जेस्चर: स्वाइप, दिशा, बोटं किती, पुढे आज्ञा. एक बोट बाणाचं, दोन स्क्रोलची, ती आधीच वाटली गेलेली. आपलं राज्य तिसऱ्यापासून. मी लिहिलं: तीन बोटं वर, की एक्सडूटूलनं, म्हणजे आपल्या वतीनं कळा दाबणाऱ्या साधनानं, कंट्रोल-आल्ट-डी दाबायचं. केलं, आणि सगळ्या विंडो गायब, डेस्कटॉप लख्ख! पुढची दहा मिनिटं मी तेवढंच करत होतो.

आपल्याकडे बोटागणिक कामं ठरलेली. अनामिकेनं गंध लावायचं, तर्जनी रोखायची, अंगठा दाखवायचा, करंगळीचं तर वर आलंच. टचपॅडला यातलं काही ठाऊक नाही. तो नुसती बोटं मोजतो. अनामिका आहे की मधलं बोट, त्याला सोयरसुतक नाही.

भरात येऊन 'तीन बोटं खाली' म्हणजे आल्ट-एफ-फोर, विंडो बंद, अशीही ओळ घातली होती. दोनच दिवसांत, पाऊण भरलेल्या एका ऑनलाइन फॉर्मवर हात जरा जड पडला. त्या ओळीच्या सुरुवातीला आता हॅशचं चिन्ह आहे, म्हणजे ती चालत नाही. पुसली नाही, असू दे, दिसत राहू दे.

ही फाइल ज्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये असते. बाबांचं खातं वेगळं, त्यामुळे त्यांना माझ्या या बोटचेष्टांचा उपद्रव नाही. परवा त्यांनी पीडीएफ शोधायला बोलावलं. त्यांच्या खात्यात सतरा विंडो एकावर एक. मी सवयीनं तीन बोटं वर नेली. काही नाही. पुन्हा नेली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "सारखी बोटं वर करून काय विचारतोयस? जा की, जाऊन ये."