काच, पडदा आणि उपडं घमेलं

नकाशावर खिडकी म्हणजे भिंतीत काढलेल्या दोन बारीक रेघा. त्या मी हौसेने लांबवत गेलो आणि हॉलची अख्खी एक बाजू काचेची करून टाकली. पलीकडे बाग, वर आकाश. आपल्या घराच्या नकाशात शेजारी काढलेले नसतात, हे काही तेव्हा ध्यानात आलं नाही.

वीटकाम कमरेपर्यंत आलं तेव्हा एक घमेलं उपडं घातलं आणि होणाऱ्या सोफ्याच्या जागी बसून पाहिलं. समोरच्या गच्चीत एक गृहस्थ कपडे वाळत घालत होते. त्यांनी हात केला. मीही केला. आता जन्मभर रोज संध्याकाळी असा हात करायचा, या विचारानेच मी उठलो.

मोठ्या काचांची घरं आठवून पाहा. पडदे दिवसाही ओढलेले. उजेडासाठी काच, लाजेसाठी पडदा, आणि पडद्यामुळे अंधारतं म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट!

तरी दिवसा काच आपल्या बाजूने असते. बाहेर लख्ख आणि आत मंद असल्यामुळे बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही. दिवेलागणीला मात्र ती फितूर होते. आपल्याला तिच्यात आपलंच तोंड दिसतं आणि रस्त्याला आपण दिसतो, बनियनसकट. जाळीचा झिरझिरीत पडदाही तेव्हा तिलाच सामील.

हे भल्याभल्यांना भोवलंय. नामवंत वास्तुविशारद मीस व्हॅन डेर रोह यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्यात डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी चहूबाजूंनी काचेचं घर बांधलं, ते 1951 साली पुरं झालं. जगभर नावाजलं गेलं. पण सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, येणाऱ्याला वाटेवरूनच सगळं दिसतं, असं बाईंचं गाऱ्हाणं होतं. खर्चाच्या वादावरून प्रकरण कोर्टातही गेलं. नावाजणाऱ्यांना तिथे राहायचं नव्हतं, राहायचं होतं बाईंना.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे जपानात ओसाकातलं, वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी आखलेलं 1976 चं चिंचोळं घर. रस्त्याकडे नुसती काँक्रीटची भिंत, खिडकी एकही नाही. उजेड येतो तो मधल्या उघड्या चौकातून. घराचा तिसरा हिस्सा आकाशाला देऊन टाकलाय! पाऊस असला की निजायच्या खोलीतून न्हाणीघरात छत्री घेऊन जायचं. मला हे घर मनापासून आवडतं. छत्री मात्र दुसऱ्याने धरावी.

आमच्या आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "खिडकी आडवी वाढवू नका, वर न्या. तिच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंत उजेड पोचतो." मग रस्त्याकडच्या खिडकीचा तळ दीड मीटरवर गेला. बसलेला माणूस दिसत नाही, उभ्याला झाडांचे शेंडे दिसतात. बाग मागे सरकली आणि तीन खोल्यांची दारं तिच्यात उघडली. त्यांना पडदे नाहीत. तिथल्या पायरीवर बसून शेंगा सोलल्या तरी बघायला फक्त कावळा.

परवा समोरच्या गृहस्थांनी विचारलंच, "मोठी खिडकी होणार होती ना इथे?"

"हो," मी म्हटलं, "गवंड्याने चुकून भिंत बांधली."