चाक टेकू द्या, मग आवळा

गाडीच्या पुढच्या चाकाखालून ‘खट्ट’ असा आवाज आला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं : शॉक गेले. पोटात कुठेही दुखलं तरी ‘गॅस झाला असेल’ म्हणतात ना, तसंच. शॉक बिचारे बऱ्याचदा ठणठणीत असतात. गेलेला असतो लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात. म्हणजे त्याचं एखादं रबर, नाहीतर टोकाचा बॉल जॉइंट, वाटीत गोळा फिरावा तसा सांधा.

पुढचं चाक पूर्ण वळवून आत डोकावलं की आर्म दिसतो. मातीने माखलेला, इंग्रजी एल अक्षरासारखा किंवा त्रिकोणी, लोखंडी. त्याला तीन टोकं. दोन आतल्या बाजूला, क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी चौकटीला, रबरी बुशमधून (लोखंडी नळीभोवतीच्या रबरातून) बोल्टने जोडलेली. तिसरं बाहेर, चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, बॉल जॉइंटने धरलेलं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात) गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत, आर्म गाडीचं वजन उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं. आर्म फक्त चाकाला जागेवर धरून ठेवतो. वरखाली हवं तेवढं हो, पण आत-बाहेर आणि पुढे-मागे हलायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. जुन्या मारुती ८०० मध्ये हा आर्म नुसता एक दांडा होता आणि पुढे-मागे धरण्याचं काम स्टॅबिलायझर बारकडे, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या सळईकडे, होतं. एल आकाराच्या आर्मने ती दोन्ही कामं आपल्याकडे घेतली.

आतल्या दोन बुशांचे स्वभावही वेगळे असतात. बहुतेक गाड्यांत पुढचं बुश छोटं आणि कडक. ते वळणावरचा जोर घेतं. मागचं मोठं, मऊ, मध्ये खाचा ठेवलेलं. ब्रेक दाबल्यावर चाक मागे ओढलं जातं आणि खड्ड्याच्या कडेवर आपटल्यावरही मागेच ढकललं जातं. तो धक्का केबिनपर्यंत येऊ नये म्हणून हे मऊ रबर. साहजिकच आधी तेच फाटतं. बुजवलेल्या खड्ड्यात अर्धवट खचलेला पेव्हर ब्लॉक ओलांडताना त्या रबरावर काय गुदरतं, हे वर बसलेल्याला कळत नाही.

आवाजाआधी इतरही खुणा दिसतात. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला जाते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये निघताना एकच ‘टक्’ होतं. टायर आतल्या कडेने खरवडल्यासारखा झिजतो. पण लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा छोटा दांडा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) आणि स्ट्रटचं वरचं माउंटिंग हेही असेच आवाज काढतात, म्हणून पार्ट मागवण्याआधी तपासणी हवी. चाक उचलून वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले गायब झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंटकडे बघायचं. बुशसाठी आर्म आणि क्रॉस मेंबर यांच्या फटीत टॉमी (लोखंडी कांब) घालून हळूच दाबायचं. रबर थोडं दबणारच, तो त्याचा धर्म आहे. पण आतली लोखंडी नळी रबरापासून सुटून वेगळीच हलत असेल किंवा चीर तळापर्यंत गेली असेल, तर बुश संपलं. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलं असेल तर प्ले नसला तरी दिवस भरलेत समजा. एका पावसाळ्याचं चिखलपाणी त्याला पुरतं. आणि बॉल जॉइंट हे काही ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणण्याचं काम नव्हे. तो निखळला तर चाक फेंडरमध्ये आडवं होतं आणि गाडी आहे तिथेच बसते.

आता खोलायचं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग दोन्ही पुढची चाकं उचलून चॅसीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावायच्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. दोन्ही चाकं अशासाठी, की एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि आर्मला ताण देत बसतो. बारची लिंक आर्मलाच जोडलेली असेल तर ती आधी सोडायची. १४, १७ आणि १९ च्या सॉकेटमध्ये बरंचसं काम होतं. कोकणातली गाडी असेल तर बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. खाऱ्या हवेत आतल्या नळीला चिकटून बसलेला बोल्ट कधी डोकं फिरून हातात येतो आणि तासाभराचं काम दिवस खातं.

बॉल जॉइंट दोन तऱ्हांनी बसवलेला असतो. पहिली तऱ्हा पिंच बोल्टची. नकलच्या चिमट्यात पिन, आणि पिनेच्या खाचेतून आडवा गेलेला बोल्ट. इथे बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो खाचेत अडकून पिनेला धरून असतो. हे न कळून वरून घण घालणारे बरेच. बोल्ट काढल्यावर चिमट्याच्या फटीत छिन्नी हलकी ठोकायची, फट केसभर उघडेल इतकीच. जास्त उघडली तर नकलचा कान तडकतो आणि स्वस्तातलं काम महाग होतं. मग पहारेने आर्म खाली दाबला की पिन सुटते. दुसरी तऱ्हा निमुळत्या पिनेची, वर खाचांचा नट आणि तो फिरू नये म्हणून आरपार घालून टोकं दुमडलेली स्प्लिट पिन. इथे पुलर, म्हणजे पिन ओढून काढणारं अवजार, उत्तम. नसेल तर नट दोन-चार आट्यांवर ठेवून नकलच्या कानाला बाजूने दणका द्यायचा. पिनेच्या टोकावर मारलं की आट्यांचं भजं होतं.

एक सांभाळायचं. आर्म सुटला की नकल मोकळा होतो आणि बाहेर लोंबतो. त्याला फार ओढलं तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो, ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणली जाते. तारेने किंवा दोरीने नकल स्ट्रटला बांधून ठेवायचा. आतले दोन बोल्ट काढताना काही गाड्यांत गिअरबॉक्स आडवा येतो. मग इंजिनाला खालून टेकू देऊन माउंटिंग सोडावं लागतं. हे आधी डोकावून बघून घेतलं तर ऐन वेळी चिडचिड होत नाही.

अख्खा आर्म घ्यायचा की नुसतं नवं बुश दाबून बसवायचं? आर्म सरळ असेल, बॉल जॉइंट घट्ट असेल आणि जवळ हायड्रॉलिक प्रेस असेल, तर नुसत्या बुशवर भागतं. मात्र खाचांचं बुश कुठल्याही दिशेने बसवून चालत नाही. जुनं काढण्याआधी खाचांची दिशा आर्मवर रेघ मारून ठेवायची. दाबताना साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस नाही. आणि हातोड्याने ठोकून बसवलेलं बुश फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत. बॉल जॉइंट आर्मलाच जोडून येत असेल आणि तोही डुगडुगत असेल, तर अख्खा आर्म घेऊन मोकळं व्हावं. पुण्याच्या नाना पेठेत एकाच गाडीचा आर्म तीन-चार भावांत मिळतो. नाव नसलेल्या डब्यातला स्वस्त आर्म घ्यायचाच असेल तर जुन्याशेजारी ठेवून बोल्टांच्या भोकांमधलं अंतर टेपने मोजून पाहावं. दोन मिलिमीटरचा फरक नंतर टायरच्या कडेवर दिसतो. उजवं-डावं दोन्ही बदलायचं का? रबर म्हातारं झालं असेल तर दोन्हीकडे सारखंच झालेलं असणार, तेव्हा दोन्ही. दगड लागून एकाच बाजूचा आर्म वाकला असेल किंवा एकच बूट फाटलं असेल, तर एकच.

बसवताना आतले बोल्ट हाताने फिरवून आटे लागल्याची खात्री करायची. मग बॉल जॉइंट. पिंच बोल्ट आरपार गेला पाहिजे. अडतोय म्हणून ठोकू नये, पिनेची खाच समोर आलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. खाचांच्या नटात स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. स्प्लिट पिन नवी. लॉकिंग नटही नवे. टॉर्कचे, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचे, आकडे गाडीगणिक बदलतात, ते सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याचा हातही महिन्यातून एकदा टॉर्क पान्याशी पडताळून घ्यावा.

आणि आता ती चूक, जी चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये होते. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडाला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की धरली जाते. यापुढे आर्म वरखाली होतो तो रबराला पीळ देऊन, सरकून नव्हे. म्हणजे ज्या स्थितीत बोल्ट आवळला, ती त्या रबराची आरामाची स्थिती. चाक लोंबत असताना आर्म बराच खाली झुकलेला असतो. तिथे आवळून गाडी खाली उतरवली, तर रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहतं, दिवसरात्र. मग ते वर्षभरात फाटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट निघाला. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबतातच आणि हातात पाना तयार असतो, म्हणून तिथे ही चूक हमखास होते.

उपाय अगदी साधा. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून पाटीवर खडूने लिहायचं. समजा ३७ सेंटीमीटर आलं. आर्म बसवून बोल्ट नुसते टेकवायचे, बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून हबचा (चाक बसतं त्या तबकडीचा) मध्य ते फेंडर पुन्हा ३७ होईपर्यंत उचलायचं, आणि मग आतले दोन बोल्ट पूर्ण आवळायचे. उचलताना गाडी घोडीवरून सुटत नाही ना, तिकडे लक्ष. रॅम्प किंवा गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर त्याहून सोपं. गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा पुढून दाबून हलवायची, खाली उतरून आवळायचं. बुश वंगण न मागता काम करतं ते याच पिळामुळे. म्हणूनच पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल नाहीतर जुनं ऑईल फवारून घेण्याची आपल्याकडची हौस त्याच्या मुळावर येते. पत्र्याचा गंज थांबला तरी तेलाने फुगून रबर मऊ पडतं.

यानंतर अलाइनमेंट. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय) नाही. नवा आर्म टाकूनही कॅम्बर एका बाजूला चुकीचा दिसत असेल तर आर्मला दोष न देता नकल, स्ट्रट किंवा क्रॉस मेंबर वाकलाय का ते बघावं. शे-दीडशे किलोमीटर झाले की बोल्टांवर पुन्हा एकदा पाना ठेवावा.

मग तोच स्पीडब्रेकर, काचा वर, रेडिओ बंद. ‘खट्ट’ नाही. त्याच्या मागे इतके दिवस दबलेलं डावीकडच्या लिंक रॉडचं बारीक ‘टिकटिक’ आता मात्र स्वच्छ ऐकू येतं.