शंकरपाळीच्या आकाराची पट्टी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गोव्यात फोंड्याला आमच्या गॅरेजात या दिवसांत ब्रेक आणि वायपरवाल्यांची रांग असते. त्यांच्यातच दरवर्षी एखादा असा येतो, ज्याला पाऊस लागायच्या आत जीप हवी असते. यंदा सत्तरी तालुक्यातले एक बागायतदार काका आले. वाळपईच्या पुढे त्यांचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. वाटेत एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळ ओलांडला की तांबड्या मातीचा उभा चढ. जुलैत त्या चढावर साधी गाडी नुसती चाकं फिरवत बसते. बजेट पाच लाखांचं, आणि त्यातच कागदपत्रं आणि टायर.

काकांच्या मुलीने म्हापशाला एक थार हेरून ठेवली होती. 2013 चं मॉडेल, अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल, 105 हॉर्सपॉवर. सस्पेन्शनला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. या इंजिनावर माझा जीव आहे. वेळेवर ऑइल आणि चांगलं डिझेल मिळालं तर ते माणसाला दगा देत नाही. एजंटला मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, "आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारू नका." सकाळी नऊला पोचलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं होतं. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही, आणि हे एजंट लोकांना चांगलं ठाऊक असतं.

तरीही इंजिन निघालं चांगलं. ऑइल भरायचं झाकण काढून पाहिलं, बॅक कॉम्प्रेशन नव्हतं, म्हणजे तिथून धुराचा झोत येत नव्हता. जॅकवर घेऊन चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, हलवले, ते घट्ट होते. गिऱ्हाइकं हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे लो गिअर, चढावर हळू पण जोरात ओढणारा. बाजूच्या खडीच्या जागेत गाडी थांबवून, न्यूट्रल करून लिव्हर लोमध्ये टाकला, पुढे-मागे चालवली. लिव्हर बाहेर उडाला नाही की दातांचा आवाज आला नाही. हे डांबरी रस्त्यावर करायचं नसतं. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये वळवली की सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरांवर येतो. मग मागच्या डिफरन्शियलच्या हाऊजिंगचा प्लग खोलून करंगळी आत घातली. व्हाळात बुडवलेल्या गाडीचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. हे मधासारखं स्वच्छ होतं. फारच स्वच्छ, म्हणजे नुकतंच बदललेलं.

तेवढ्यात मुलीने कागद वाचत विचारलं, "आरसी बुकात रंग सिल्व्हर आहे. ही तर काळी आहे ना?" रंग बदलला की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. इथे नोंद नव्हती. एजंट म्हणाला, ते आम्ही करून देऊ. पंचवीस वर्षं गाड्या बघणाऱ्या माझ्या नजरेतून जे सुटलं ते या मुलीने टिपलं. पुढे बँकेचा बोजा उतरलाय का, विम्यात क्लेम किती झाले आणि 2013 ची गाडी म्हणजे नोंदणी 2028 पर्यंतच ना, हेही तिनेच विचारलं. टायर मूळ मापापेक्षा मोठे होते. चाक मोठं झालं की मीटर कमी किलोमीटर दाखवतो, एवढी भर मी घातली.

मग खाली शिरलो. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, काळ्या कोटिंगचा जाड थर होता, रबरासारखा मऊ. जुन्या गाडीला ताजं कोटिंग दिसलं की मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरतो आणि मुठीने ठोकत जातो. निरोगी पत्रा ठण वाजतो. पुढून मागे ठण, ठण, ठण. उजव्या बाजूला मागचा पाटा चासीला जोडणाऱ्या शॅकलजवळ आलो आणि थप झालं. तिथलं कोटिंग खरवडलं. आत पट्टी होती, शंकरपाळीच्या आकाराची, चारही कोपरे घासून गोल केलेली.

चासीला चौकोनी पट्टी लावू नये. उभ्या सरळ वेल्डिंगच्या कडेला सगळा ताण एका रेषेत येतो आणि पट्टीच्या शेजारीच नवी चीर जाते. तिरक्या कडांनी तो ताण पसरतो. माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं. माझ्या ओळखीत अशी पट्टी कापणारे फार नाहीत. वेल्डिंगचा शेवट कोपऱ्यावर न करता मधे करायची माझी सवय आहे. तो शेवटचा ठिपकाही मधेच होता.

ते काम माझं होतं.

तेव्हा गाडी सिल्व्हर होती, कापडी हूडची. पेडण्याच्या किनाऱ्यावरचा एक होडीवाला चार वर्षांपूर्वी घेऊन आला होता. ट्रेलरवरची होडी पाण्यात सोडायला तो गाडी मागची चाकं बुडेपर्यंत समुद्रात न्यायचा आणि कधी गोड्या पाण्याने धुवायचा नाही. भोकातून बोट घातलं तर आतून गंजाचे पापुद्रे हातात आले. मी त्याला सांगितलं होतं, "भाऊ, मी दिसतं तेवढं बंद करतोय, आतला गंज चालूच राहील. किनाऱ्यापर्यंत न्यायला चालेल, चढावर वजन घेऊन नेऊ नका." त्याने मान हलवली. बिलावर मी लिहिलं, "चासी वेल्डिंग, पट्टी व मजुरी."

बाहेर येऊन काकांना स्पष्ट सांगितलं, "ही नको. चासी आतून खाल्लेली आहे. आणि ती पट्टी मीच लावलीय." काका काहीच बोलले नाहीत. एजंट मात्र लगेच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्याच हातचं काम ना? मग खोट कसली?"

माझ्याजवळ उत्तर होतं आणि मी ते दिलंही. पण त्याचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. काम साफ झालं नसतं, ओबडधोबड ठिगळ असतं, तर कोणीही वाकून पाहिलं असतं आणि गाडी नाकारली असती. मी घासून गुळगुळीत केलेल्या पट्टीवर कोटिंग छान बसलं. गंज असा झाकून विकणारा गुन्हेगार आहेच, तो कोणीही असो. पण झाकायला सोयीचं काम त्याला माझ्याकडून मिळालं. गिऱ्हाइकाला तोंडी दिलेली ताकीद गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जात नाही, एवढं मला चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. जूनपासून मी बिलावर पूर्ण लिहितो: कुठे गंज आहे, किती आहे, काय केलं, काय केलं नाही. एक-दोघांनी तसं बिल घ्यायला नकार दिला. मी काम नाकारलं.

काकांनी शेवटी डिचोलीकडची एक जुनी जिप्सी घेतली. 1.3 लिटर पेट्रोल, चारही बाजूंना पाटे, वजनाला हलकी. पेट्रोल जास्त पिते आणि पाठ हलवते, पण रंग मूळचाच होता आणि चासी पुढून मागे ठण वाजली. जुलैत काकू एकदा व्हाळापलीकडून नारळ घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, चढ दुसऱ्या गिअरमध्ये लोवर जातो.

त्या थारचा नंबर माझ्या रजिस्टरात आहे. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धं फुल्या मारून दिसतं, पण कितवा मालक ते कळतं. दर रविवारी बघतो. बरेच दिवस दोन होता. परवा पाहिलं तर तीन झाला होता.