बाबांच्या टाटा मोबाइलचं इंजिन बदलताना

बडवाहहून परत येताना भेरूघाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला, तेव्हा मागे आंब्याची दीडशे कलमं आणि शेणखताची दहा पोती होती. गाडी बाजूला घेतली, वाफ निवली, पाणी भरलं आणि तशीच इंदूरला आणली. तिथेच ट्रॉली बोलवायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, तर तिच्यावर काळ्या ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखा फेस. ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं.

गाडी टाटा मोबाइल 206, 1997 चं मॉडेल. टाटांनी ही पिकअप 1988 मध्ये आणली आणि पुढे सिएरा, इस्टेट याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या. आमच्या नर्सरीचं निम्मं काम तिने वाहिलं आहे. बाबांना गुडघ्यांमुळे आता चालवता येत नाही, म्हणून सहा वर्षांपासून ती माझ्या हातात आहे. विकायचा विचार माझ्या मनात आला नाही. भंगाराच्या भावात जी गाडी जाईल, ती माझ्यासाठी चालती असली की लाखमोलाची आहे.

नवलखाजवळ आमचे जुने मेस्त्री आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलं. खालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) जळलेलं होतं, हे ठीक. पण हेड बाजूला ठेवून त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली जागा डिझेलने पुसली, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पोरी, इकडे बघ." केसासारखी एक ओली रेघ. पुसली की जायची, मिनिटभरात परत यायची. मशीन शॉपमध्ये ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागाला, पाण्याचा दाब देऊन पाहिला. त्याच रेघेतून थेंब आले. सिलिंडर बोअर करून, आत लायनर (नवी नळी) घालून चाललं असतं, पण तडकलेल्या ब्लॉकवर तो खर्च करायला आबा तयार नव्हते. दुसरं इंजिन शोधायचं ठरलं.

मग सल्ले सुरू झाले. मामेभाऊ म्हणाला, टाटांच्याच 207 डीआय पिकअपचं मोठं इंजिन टाक, घाटात पळेल. मला स्वतःला सफारीचं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारं जास्त ताकदीचं इंजिन, हवं होतं. इथे टाटांच्या इंजिनांच्या नंबरची गंमत कळून घेतली की बरंचसं चित्र स्पष्ट होतं. 483 म्हणजे चार सिलिंडर, 83 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). 497 म्हणजे चार सिलिंडर, 97 मिलिमीटर. पहिलं 1948 सीसीचं, दुसरं 2956 सीसीचं. आमच्या मोबाइलमध्ये 483. सुमोतही बरीच वर्षं तेच 1948 सीसी होतं, आणि 1998 मध्ये सफारी आली तीसुद्धा 1948 सीसीवरच, फक्त टर्बो लावून. कागदावर वाटतं, टर्बोवालं सरळ बसेल.

आबांनी मला वही घेऊन बसवलं. "इंजिन बाहेर काढायच्या आधी मापं घे. नंतर घेतलीस तर गाडी महिनाभर स्टँडवर." तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. फाउंडेशनच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांच्या) दोन्ही बोल्टांमधलं अंतर, फाउंडेशनपासून बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) तोंडापर्यंतची लांबी, इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे आणि क्रॉसमेंबरपासून (चेसिसच्या आडव्या पट्टीपासून) त्याला किती बोटं जागा आहे, फॅन आणि रेडिएटरमधली फट. चेंबरखाली जुना पेपर धरून त्याचा आकार पेन्सिलने उतरवला आणि कापून घेतला. सायलेन्सरचा पाइप स्टेअरिंग बॉक्सच्या किती जवळून जातो तेही लिहिलं. क्लच प्लेटचे दात मोजले. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप ऑल्टरनेटरच्या मागे बसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. तो पंप किंवा त्याची नळी जुळली नाही, तर ब्रेक दगडासारखा होतो. ही गोष्ट इंजिनच्या ताकदीपेक्षा मोठी आहे, असं माझं आजही मत आहे.

मापांपुढे 497 टिकलंच नाही. वजन जास्त, उंची जास्त, त्याला त्याचा गिअरबॉक्स हवा, मग प्रोपेलर शाफ्ट कापून परत बॅलन्स करायचा. टर्बोचं प्रकरण जास्त फसवं निघालं. ब्लॉक त्याच घराण्यातला, पण टर्बोला ऑइलची जाणारी-येणारी नळी, हवेचे नवे पाइप, मोठा रेडिएटर, वेगळा सायलेन्सर, आणि वाढलेला जोर सोसायचा मात्र जुन्याच क्लचने आणि गिअरबॉक्सने. आबांनी विचारलं, "ताकद कशाला हवीय? गाडी आजवर कधी चढली नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टर्बोचा नाद खरा सुटला तो कायद्याने. मोटर वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी किट बसवून इंधन बदलायची वाट ठेवली आहे, तीही ठरलेल्या अटींवर. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. म्हणजे टर्बो लावून मी रस्त्यावर आणलेली गाडी कागदावर दुसरीच ठरली असती, आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडला असता. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन आणि आरटीओची मंजुरी, एवढीच वाट शहाणपणाची होती. मंजुरीशिवाय बदल झालाच असेल, तर 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. मी ती वेळ येऊ दिली नाही, अर्ज आधी केला.

आता 483 शोधायचं. तीन आठवडे मी भंगारवाल्यांकडे फिरले. पहिलं इंजिन बाहेरून सुरेख होतं, धुऊन रंगवलेलं. आम्ही बॅटरी, सेल्फ लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, पाहिलं. तीन सिलिंडरमध्ये 400 पीएसआयच्या आसपास, चौथ्यात 290. तेवढ्यावर मी घासाघीस करत होते, पण आबांनी इंजिन नंबरच्या जागेवरचा रंग पत्र्याने खरवडला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. नंबर उमटला. शेवटून दुसरा आकडा मात्र उमटला नाही, नुसती गुळगुळीत चकाकी. कानशीने घासलेला होता. दुकानदाराला गाडीचे कागद मागितले तर तो म्हणाला, "बिल देतो ना, कागद कशाला?" आम्ही चहाही न घेता निघालो. घासलेल्या नंबरचं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं, आणि ते आपल्या दारात सापडलं तर बोलायला तोंड राहत नाही.

दुसरं मिळालं देवास नाक्याच्या बाजूला, एका सुमोचं. मालकाने गाडी मोडीत काढली होती, आरसीची झेरॉक्स त्याच्याकडे होती. नंबर स्वच्छ, चारही सिलिंडर 400 ते 420 च्या मधले, ब्रीदरला (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला) धूर नावाला. पेपरचा कापलेला चेंबर मी खिशातून काढला आणि खाली धरला. सुमोचा चेंबर वेगळा निघाला. आबा हसले, "आपला जुना चेंबर लावू." एक्झॉस्ट मॅनिफोल्डही आपलाच घ्यायचं तिथेच ठरलं. 28,000 रुपये, पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहून घेतला.

बसवण्याचं काम चार दिवसांत झालं, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. चेनकप्पीने जुनं वर, नवं खाली. गिअरबॉक्स उघडाच होता म्हणून क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील नवीन घातलं. हे तीन तेव्हाच बदलावेत, नाहीतर हजाराच्या सीलसाठी सगळं परत उतरवावं लागतं. हीटर प्लग, रेडिएटरचे होज, थर्मोस्टॅट नवे. डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिला. रेडिएटर उघडून नळ्या साफ केल्या, कारण आमचं जुनं इंजिन त्याच्यामुळेच गेलं होतं.

नायता मुंडल्याला आरटीओत तपासणीच्या दिवशी बाबा हट्टाने बरोबर आले. त्यांच्या हातात 1997 ची प्लॅस्टिकची पिशवी होती: खरेदीचं मूळ बिल, पहिली आरसी, सगळ्या फिटनेसच्या पावत्या. तपासणी करणाऱ्या साहेबांनी नव्या इंजिनच्या नंबरचा पेन्सिलचा ठसा बिलाशी ताडून पाहिला, चेसिसचा पाहिला, आणि बाबांना विचारलं, "काका, इतकं सगळं जपून ठेवलं?" बाबा म्हणाले, "गाडी ठेवायची तर कागद ठेवायला लागतात." आरसीवर नवा नंबर आला. त्याच आठवड्यात मी विम्यावरही तो चढवून घेतला.

पुढच्या खेपेला घाटात काटा मध्यावरच राहिला. मी तरी दर वळणाला बघत होते.

जुनं इंजिन महिनाभर आबांकडे पडून होतं. सनावदच्या एका शेतकऱ्याला क्रँक आणि हेड हवं होतं, तो सगळंच घेऊन गेला. मी त्याला माझ्या जुन्या आरसीची झेरॉक्स दिली, पावती लिहिली, इंजिन नंबर लिहिला, आणि त्याखाली लिहिलं: ब्लॉक दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमध्ये तडकलेला आहे, गाडीला लावू नये.